गेऑर्ग झिमोन ओहम

गेऑर्ग झिमोन ओहम (१६ मार्च, इ.स. १७८९, एर्लांगेन – ६ जुलै, इ.स. १८५४, म्युनिक) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ व गणिताचे शिक्षक होते. विद्युत मंडलातील विभवांतर, विद्युतधारा आणि रोध या तीन राशींमधील संबंध त्यांनी प्रयोगाने शोधला व गणिताच्या भाषेत मांडला. हा संबंध ओहमचा नियम म्हणून ओळखला जातो. विद्युत रोधाच्या एककाला त्यांचेच नाव दिलेले आहे. त्यांच्या आडनावाचा जर्मन उच्चार ‘ओम’ असा आहे, त्यातील ‘ह’ उच्चारला जात नाही. मात्र मराठी पाठ्यपुस्तकांत ‘ओहम’ हेच रूप रूढ असल्याने या लेखात तेच वापरले आहे.

ओहम यांच्या आयुष्याची बहुतेक उमेदीची वर्षे शाळांमध्ये अध्यापन करण्यात गेली. ज्या शोधामुळे त्यांचे नाव राहिले तो त्यांनी एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत, अध्यापनाचे काम सांभाळून लावला. विद्यापीठातील प्राध्यापकपद त्यांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मृत्यूपूर्वी अवघी दोन वर्षे आधी मिळाले.

बालपण आणि शिक्षण

ओहम यांचे वडील योहान वोल्फगांग ओहम हे कुलपे बनविणारे कारागीर होते. त्यांचे औपचारिक शिक्षण फारसे झालेले नव्हते, परंतु त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने गणित, भौतिकी, रसायन व तत्त्वज्ञान यांचा चांगला अभ्यास केला होता. आई मारिया एलिझाबेथ या शिंपी कुटुंबातील होत्या. या दांपत्याला झालेल्या सात अपत्यांपैकी गेऑर्ग, धाकटे बंधू मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ बार्बारा एवढीच तीन मुले जगली. गेऑर्ग दहा वर्षांचे असताना आईचे निधन झाले. मुलांना गणिताचे पहिले धडे वडिलांनीच घरी दिले. शाळेत जे शिकवले जात होते त्याहून वडिलांची शिकवणी बरीच वरच्या दर्जाची होती. एर्लांगेन विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक कार्ल क्रिस्टियान फोन लांग्सडोर्फ यांनी या दोन भावांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांना स्वित्झर्लंडच्या प्रसिद्ध बेर्नुली गणिती बंधूंची आठवण झाली. मार्टिन ओहम पुढे बर्लिनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले.

इ.स. १८०५ मध्ये गेऑर्ग यांनी एर्लांगेन विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे अभ्यासापेक्षा नृत्य, बर्फावरील घसरखेळ आणि बिलियर्ड्स यांत त्यांचा अधिक वेळ जाऊ लागला. स्वतःला न मिळालेली संधी मुलगा वाया घालवीत आहे हे पाहून वडील संतापले आणि तीन सत्रांनंतर गेऑर्ग यांना विद्यापीठ सोडावे लागले. सप्टेंबर १८०६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षात, ते स्वित्झर्लंडमधील निडाऊजवळील गोटश्टाट येथील शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांच्या शिक्षकी पेशाची सुरुवात अशी शिक्षेतून झाली.

इ.स. १८०९ मध्ये ते न्यूशातेल येथे खाजगी शिकवण्या करू लागले. लांग्सडोर्फ यांच्या सल्ल्यावरून त्यांनी ऑयलर, लाप्लास व लाक्र्वा या गणितज्ञांच्या ग्रंथांचा स्वतंत्रपणे अभ्यास केला. इ.स. १८११ मध्ये ते एर्लांगेनला परतले आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबर रोजी त्यांना डॉक्टरेट मिळाली. काही काळ त्यांनी विद्यापीठात गणित शिकवले, परंतु त्या उत्पन्नावर उदरनिर्वाह होणे शक्य नव्हते. तीन सत्रांनंतर त्यांनी ते काम सोडले. जानेवारी १८१३ पासून ते बामबेर्ग येथील शाळेत शिकवू लागले. ती शाळा १८१६ मध्ये बंद पडल्यावर त्यांची नेमणूक त्याच गावातील दुसऱ्या, विद्यार्थ्यांनी गच्च भरलेल्या शाळेत झाली. याच असमाधानाच्या काळात त्यांनी भूमितीच्या अध्यापनावर एक पुस्तक लिहिले. इ.स. १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची प्रत त्यांनी प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याला पाठवली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांना कोलोन येथील जेझुइट शाळेत गणित व भौतिकी शिकविण्याची जागा मिळाली.

कोलोनमधील वर्षे

कोलोनच्या शाळेत भौतिकीची प्रयोगशाळा चांगली सुसज्ज होती आणि ओहम यांना तिचा मोकळेपणाने वापर करता येत असे. कुलूपकाराच्या घरात वाढल्यामुळे धातूच्या कामाचे कौशल्य त्यांच्या हातात होतेच. इ.स. १८२० मध्ये डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते हे दाखवून दिले. या शोधामुळे प्रवाहाचे मापन करण्याचे साधन प्रथमच हाती आले, कारण सुई किती वळते यावरून प्रवाह किती आहे हे ठरवता येऊ लागले. त्यापूर्वी विजेच्या जोराची तुलना ठिणगीची लांबी, विघटनाने निघणारा वायू किंवा अंगाला बसणारा झटका यांवरून केली जाई. इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश यांनी इ.स. १७८१ च्या सुमारास स्वतःच्या शरीरातून वीज जाऊ देऊन, बसलेल्या झटक्याच्या तीव्रतेवरून निरनिराळ्या द्रावणांच्या रोधाची तुलना केली होती आणि प्रवाह हा त्याला चालना देणाऱ्या कारणाच्या प्रमाणात असतो या निष्कर्षाच्या अगदी जवळ ते आले होते. परंतु त्यांनी ही टिपणे प्रसिद्ध केली नाहीत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ती इ.स. १८७९ मध्ये प्रकाशात आणली, तोपर्यंत ओहम यांच्या मृत्यूलाही पंचवीस वर्षे झाली होती.

इ.स. १८२५ चा पहिला प्रयत्न

ओहम यांचा विजेवरील पहिला निबंध मे १८२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तारेची लांबी वाढवली असता तिच्या चुंबकीय परिणामात किती घट होते, हा त्याचा विषय होता. त्यांनी तांब्या-जस्ताचा विद्युतघट घेतला. प्रथम एक आखूड जाड तार जोडून सुईवरील परिणाम नोंदवला आणि नंतर वेगवेगळ्या लांबीच्या बारीक तारा जोडून त्या मूळ परिणामात किती तूट येते ते पाहिले. या तुटीसाठी त्यांनी जे सूत्र दिले ते लॉगॅरिथमचे होते. ते चुकीचे होते.

या चुकीचे मूळ गणितापेक्षा उपकरणात होते. त्या काळचा साधा विद्युतघट मंडल जोडताच भरभर मंदावत असे. तांब्याच्या पत्र्यावर वायूचे बुडबुडे जमत, घटाचे स्वतःचे विभवांतर उतरे आणि त्याचा आंतरिक रोधही बदलत राही. मंडल तोडून थोडा वेळ थांबल्यास घट पुन्हा काहीसा सावरे. त्यामुळे सुईचा वळसा कमी झाला तो तार लांब झाल्यामुळे की घट थकल्यामुळे, हे वेगळे काढणे अवघड होते. स्थिर विभवांतर देणारा डॅनिएल यांचा घट यायला अजून अकरा वर्षे होती. ज्याच्या आधारे मोजायचे ती गोष्टच अस्थिर असेल तर कितीही काळजीपूर्वक घेतलेली वाचने सत्यापर्यंत नेत नाहीत, याचे हे ठळक उदाहरण आहे.

निबंध प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकाचे संपादक योहान पोगेनडोर्फ यांनी ओहम यांना घटाऐवजी तपयुग्म वापरण्याची सूचना केली. दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवल्यास मंडलात विद्युतप्रवाह वाहतो, हे टोमास योहान झेबेक यांनी काही वर्षांपूर्वीच दाखवले होते. दोन्ही सांध्यांची तापमाने स्थिर ठेवली की मिळणारे विभवांतरही स्थिर राहते. ओहम यांनी ही सूचना स्वीकारली आणि काम मुळापासून पुन्हा सुरू केले.

इ.स. १८२६ चा प्रयोग

नव्या उपकरणात बिस्मथची एक दांडी होती व तिच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या घट्ट बसवलेल्या होत्या. एक सांधा उकळत्या पाण्याच्या भांड्यात व दुसरा बर्फाच्या भांड्यात ठेवला जाई. तांब्याच्या पट्ट्यांची मोकळी टोके पाऱ्याने भरलेल्या वाट्यांत बुडवलेली असत आणि ज्या तारेची परीक्षा करायची तिची टोकेही त्याच वाट्यांत बुडवून मंडल पूर्ण केले जाई. पाऱ्यामुळे सांध्यापाशी संपर्क खात्रीचा होत असे. मंडलावर एक चुंबकसुई सोन्याच्या चपट्या बारीक पट्टीने टांगलेली होती. प्रवाह सुरू झाल्यावर सुई वळे. वरची टोपी फिरवून पट्टीला इतका पीळ द्यायचा की सुई पुन्हा मूळ जागी यावी, आणि किती पीळ द्यावा लागला तो आकडा नोंदवायचा, अशी पद्धत होती. सुई दर वेळी त्याच जागी आणल्यामुळे तिच्या बदलत्या दिशेने होणारी चूक टळत असे. अशा रचनेतून मिळणारे विभवांतर फार अल्प, काही मिलिव्होल्ट एवढेच असते. शाळेतील आजच्या एका कोरड्या घटाचे विभवांतर दीड व्होल्ट असते, हे लक्षात घेतले म्हणजे या सुईच्या संवेदनशीलतेची कल्पना येते.

ओहम यांनी सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. त्यांच्या लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच अशा होत्या. जानेवारी १८२६ मधील त्यांच्या एका मालिकेत २ इंच तारेला ३२६¾, १८ इंच तारेला १९०¾, ३४ इंच तारेला १३४½ आणि १३० इंच तारेला ४८½ अशी वाचने मिळाली. लांबी २ इंचांवरून १३० इंचांवर, म्हणजे पासष्ट पटींवर गेली, परंतु परिणाम पासष्टांश न होता सुमारे सातांश झाला. म्हणजे परिणाम केवळ तारेच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात नव्हता.

ओहम यांनी प्रत्येक लांबीत एक ठरावीक संख्या मिळवून पाहिली. ही संख्या २०¼ घेतली असता कोडे सुटले. वाचनाला तारेची लांबी अधिक २०¼ या बेरजेने गुणले की २ इंच तारेसाठी ७२७०, १८ इंच तारेसाठी ७२९६, ३४ इंच तारेसाठी ७२९७ आणि १३० इंच तारेसाठी ७२८७ असे गुणाकार येतात. १० व ६६ इंचांच्या तारांत फरक शेकड्याला एक ते दीडपर्यंत जातो, बाकी सर्व तारांचे आकडे याहून कितीतरी जवळ बसतात. याचा अर्थ असा की एक स्थिर राशी भागिले तारेची लांबी अधिक दुसरी स्थिर राशी, या भागाकाराने प्रवाह ठरतो.

या दोन स्थिर राशींचा अर्थ लावण्यात ओहम यांची खरी प्रतिभा दिसते. त्यांनी तपयुग्माच्या सांध्यांमधील तापमानाचा फरक बराच कमी करून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा पहिली राशी त्या प्रमाणात घटली पण २०¼ ही संख्या जशीच्या तशी राहिली. म्हणजे पहिली राशी प्रवाहाला चालना देणाऱ्या कारणाची, आजच्या भाषेत विद्युतचालक बलाची होती. दुसरी राशी तारेव्यतिरिक्त उरलेल्या मंडलाची होती. बिस्मथची दांडी, तांब्याच्या पट्ट्या व सांधे मिळून प्रवाहाला जो विरोध करीत, तो त्या जातीच्या २०¼ इंच लांब तारेएवढा होता. आज ज्याला घटाचा आंतरिक रोध म्हणतात तो येथे इंचांमध्ये मोजलेला आढळतो. मागील वर्षी चुकवणारी हीच गोष्ट या वर्षी सूत्रात आपल्या जागी बसली.

निरनिराळ्या धातूंच्या तारा घेऊन कोणता धातू वीज किती चांगली वाहून नेतो, याची क्रमवारी लावण्याचेही काम ओहम यांनी केले. या क्रमवारीत चांदी तांब्याच्या बरीच खाली गेलेली दिसते. प्रत्यक्षात चांदी सर्वांत उत्तम वाहक आहे. त्या काळी तारेची शुद्धता व जाडी यांची खात्री देणे किती कठीण होते, हे यावरून लक्षात येते. शुद्धता व जाडी यांबद्दल शंका असलेल्या तारेवर मोजमाप केले की ते त्या तारेपुरतेच खरे असते.

ग्रंथ आणि त्याचे स्वागत

हे निष्कर्ष इ.स. १८२६ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधनाला वेळ मिळावा म्हणून ओहम यांनी अर्ध्या पगारावर एक वर्षाची रजा घेतली व ते बर्लिनला, बंधू मार्टिन यांच्याकडे गेले. तेथे त्यांनी ‘दी गाल्व्हानिशे केटे, माथेमाटिश बेआर्बाइटेट’ (गॅल्व्हानी मंडलाचे गणिती विवेचन) हा ग्रंथ पूर्ण केला. तो इ.स. १८२७ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी उष्णतेच्या वहनाचा जो सिद्धांत मांडला होता त्याच्या धर्तीवर ओहम यांनी विजेच्या वहनाचा विचार केला. दांडीच्या दोन टोकांच्या तापमानांत फरक असेल तर उष्णता वाहते, त्याचप्रमाणे तारेच्या दोन बिंदूंच्या विद्युत स्थितीत फरक असेल तर वीज वाहते, असा तो विचार होता.

ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. त्या वेळच्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांपैकी पुष्कळांना एवढे गणित अंगवळणी पडलेले नव्हते. बर्लिनमध्ये हेगेल यांच्या तत्त्वज्ञानाचा प्रभाव मोठा होता आणि निसर्गाचे ज्ञान मुख्यतः चिंतनातून मिळते असे मानणारा वर्ग शिक्षणखात्यातही वजन राखून होता. गेऑर्ग फ्रीडरिश पोल यांनी ग्रंथावर कडाडून टीका केली. ज्या विद्यापीठीय जागेच्या आशेने ओहम यांनी हे सारे कष्ट घेतले होते ती जागा मिळण्याची चिन्हे दिसेनात. मार्च १८२८ मध्ये त्यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला.

या प्रसंगाची एक लोकप्रिय कथा सांगितली जाते. तिच्यानुसार ओहम यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले व त्यांच्यावर उपासमारीची वेळ आली. ही कथा बरीच फुगवलेली आहे. राजीनामा त्यांनी स्वतः दिला होता आणि नंतरची वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये लष्करी शाळेत व इतरत्र गणित शिकवून काढली. मात्र आयुष्यातील सर्वांत मोठे काम हातावेगळे केल्यानंतर सुमारे पाच वर्षे त्यांना स्थिर जागा नव्हती, आणि हा अपमान त्यांच्या मनाला लागला होता, यात शंका नाही.

न्युर्नबेर्ग आणि मान्यता

इ.स. १८३३ मध्ये ओहम यांना न्युर्नबेर्ग येथील पॉलिटेक्निक शाळेत प्राध्यापकपद मिळाले. इ.स. १८३९ मध्ये ते तेथील प्रमुख झाले. दरम्यान त्यांच्या नियमाची परीक्षा इतरांनी घेतली होती. लाइपझिश येथील गुस्टाव्ह फेशनर यांनी विस्तृत प्रयोगांनी तो पडताळून पाहिला. रशियात लेन्झ यांनी आपल्या कामात त्याचा उपयोग केला. फ्रान्समध्ये क्लोद पुये यांनी असेच निष्कर्ष स्वतंत्रपणे काढल्याचा दावा केला, त्यामुळे ओहम यांचे अग्रत्व कोणाचे हा प्रश्न पुढे आला व त्या निमित्ताने त्यांचे जुने निबंध पुन्हा वाचले गेले.

लंडनच्या रॉयल सोसायटीने इ.स. १८४१ मध्ये त्यांना कॉप्ली पदक दिले. त्याच वर्षी त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य करून घेतले. मायदेशापेक्षा परदेशाने आधी दिलेल्या या मानामुळे जर्मनीतही त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली आणि इ.स. १८४५ मध्ये बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने त्यांना पूर्ण सदस्यत्व दिले. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून कॉप्ली पदकापर्यंत चौदा वर्षे गेली होती.

या काळात ओहम ध्वनीच्या अभ्यासाकडे वळले. इ.स. १८४३ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की मिश्र स्वर ऐकताना कान त्याचे साध्या स्वरांत पृथक्करण करतो. या मताला ऑगुस्ट झेबेक यांनी विरोध केला. ज्या टोमास झेबेक यांच्या शोधामुळे ओहम यांचा विजेचा नियम सिद्ध होऊ शकला त्यांचेच हे चिरंजीव. या वादात ओहम यांनी माघार घेतली, पण पुढे हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या श्रवणविषयक ग्रंथात ओहम यांचा विचार उचलून धरला.

अखेरची वर्षे

इ.स. १८४९ मध्ये ओहम म्युनिकला गेले व अकादमीच्या भौतिकी उपकरणसंग्रहाचे काम पाहू लागले. इ.स. १८५२ मध्ये त्यांना म्युनिक विद्यापीठात प्रायोगिक भौतिकीचे प्राध्यापकपद मिळाले. रेणूंच्या भौतिकीवर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता, त्यातील पहिलाच खंड पूर्ण झाला. स्फटिकांतील प्रकाशाच्या व्यतिकरणावर त्यांनी केलेले काम नॉर्वेचे लांगबेर्ग यांनी आधीच केलेले होते, असे त्यांना काम झाल्यावर समजले. ओहम अविवाहित होते. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. तेथील जुन्या दक्षिण स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

रोध मोजण्याच्या पद्धतींवरील परिणाम

ओहम यांनी रोध तारेच्या लांबीत मोजला. नियम हाती आल्यावर याहून सोयीच्या पद्धती निघाल्या. सर्वांत सरळ पद्धत म्हणजे तारेतून जाणारी धारा ॲममीटरने व तिच्या टोकांमधील विभवांतर व्होल्टमीटरने मोजून दुसऱ्याला पहिल्याने भागणे. २ व्होल्ट विभवांतराला ०.५ ॲम्पिअर धारा वाहत असेल तर रोध ४ ओहम. यात एक अडचण आहे. व्होल्टमीटर तारेच्या टोकांना समांतर जोडला तर ॲममीटर व्होल्टमीटरमधून जाणारी अल्प धाराही मोजतो. तो ॲममीटरच्या पलीकडे जोडला तर ॲममीटरवरील विभवांतरही मोजले जाते. मोजणारी साधने स्वतः मंडलाचा भाग होतात आणि मंडल बदलतात. म्हणून लहान रोधासाठी पहिली जोडणी व मोठ्या रोधासाठी दुसरी जोडणी पसंत केली जाते.

ही अडचण टाळणारी पद्धत सॅम्युएल क्रिस्टी यांनी इ.स. १८३३ मध्ये वर्णिली होती. चार्ल्स व्हीटस्टन यांनी इ.स. १८४३ मध्ये ती लोकांपुढे आणली आणि तिला व्हीटस्टनचा सेतू हे नाव पडले. चार रोध चौकोनाच्या चार बाजूंना जोडायचे, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत घट आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत धारामापी ठेवायचा. एक रोध बदलत जाऊन धारामापीचा काटा शून्यावर आला की लगतच्या रोधांची गुणोत्तरे समान होतात आणि चौथा अज्ञात रोध उरलेल्या तिघांवरून मिळतो. येथे घटाचे विभवांतर नेमके किती आहे हे कळण्याची गरजच राहत नाही, धारामापीचा काटा फक्त शून्य दाखवतो की नाही एवढेच पाहायचे असते. ओहम यांना १८२५ मध्ये ज्या अस्थिर घटाने फसवले त्याचा उपद्रव या युक्तीने बराच दूर झाला. व्हीटस्टन यांनी आपल्या व्याख्यानात ओहम यांच्या सिद्धांताचा आवर्जून गौरव केला होता. गुस्टाव्ह किर्शहोफ यांनी इ.स. १८४५ मध्ये अनेक फांद्या असलेल्या मंडलांसाठीचे नियम दिले, त्यांची बैठकही ओहम यांचाच नियम आहे.

या मोजमापांची व्यवहारात गरज तारायंत्राने निर्माण केली. जमिनीखालून किंवा समुद्रातून टाकलेली तार तुटली अथवा तिचे आवरण फाटून वीज जमिनीत गेली, तर दोष किनाऱ्यापासून किती अंतरावर आहे हे शोधावे लागे. तारेचा दर मैलाचा रोध माहीत असेल तर टोकाला बसून मोजलेल्या रोधावरून अंतराचा अंदाज येतो. शेकडो मैलांची तार उकरण्याऐवजी एक त्रैराशिक करणे केव्हाही स्वस्त पडते.

ओहम हे एकक

जो तो आपल्या हाताशी असलेल्या तारेत रोध मोजत असल्यामुळे एका देशातील आकडा दुसऱ्या देशात निरुपयोगी ठरे. इ.स. १८६० मध्ये वेर्नर फोन झीमेन्स यांनी एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या, शून्य अंश सेल्सिअस तापमानाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध हे एकक सुचवले. पारा शुद्ध करता येतो व त्याला तारेसारखी ओढण्याची भानगड नसते, हा त्याचा लाभ होता. इ.स. १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण ठरविण्यासाठी समिती नेमली. त्याच वर्षी लॅटिमर क्लार्क व चार्ल्स ब्राइट यांनी विद्युत एककांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत अशी सूचना केली. इ.स. १८८१ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ओहम हे नाव स्वीकारण्यात आले. इ.स. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेने १०६.३ सेंटिमीटर लांबीच्या, १४.४५२१ ग्रॅम वस्तुमानाच्या, वितळत्या बर्फाच्या तापमानाला ठेवलेल्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध म्हणजे एक आंतरराष्ट्रीय ओहम असे निश्चित केले. एककाची खूण म्हणून ग्रीक वर्णमालेतील मोठा ओमेगा वापरतात, कारण ‘ओ’ हे अक्षर शून्यासारखे दिसल्याने गोंधळ होण्याचा धोका होता.

आज पाऱ्याचा स्तंभ केवळ इतिहासात उरला आहे. क्लाउस फोन क्लिट्झिंग यांनी इ.स. १९८० मध्ये शोधलेल्या पुंज हॉल परिणामात रोधाची मूल्ये २५,८१२.८०७ ओहम या राशीच्या नेमक्या अपूर्णांकांत मिळतात. ही राशी प्लांकचा स्थिरांक व इलेक्ट्रॉनचा विद्युतभार यांवरूनच ठरत असल्याने, इ.स. २०१९ पासून ती एककपद्धतीत निश्चित मूल्य म्हणून धरली जाते.

मराठीत आणि कोल्हापूर परिसरात

पाश्चात्त्य भौतिकी व रसायन मराठीत आणण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांनी केले त्यांत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांचे नाव अग्रभागी आहे. पाठ्यपुस्तके नसलेल्या काळात शब्द घडवीत लिहिणे हे त्यांचे आणि त्यांच्या समकालीनांचे काम होते. पुढे मराठीत ‘रोध’, ‘विद्युत रोध’ व ‘प्रतिरोध’ असे पर्याय वापरात आले. त्यांपैकी महाराष्ट्रातील शालेय पुस्तकांनी ‘रोध’ व धातूच्या अंगच्या गुणासाठी ‘रोधकता’ हे शब्द पक्के केले आहेत. हिंदीच्या प्रभावाने ‘प्रतिरोध’ आजही अधूनमधून आढळतो.

ओहमचा नियम नववीच्या विज्ञानात येतो. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकांत तारेच्या दर सेंटिमीटरचा रोध आलेखावरून काढणे आणि मीटर सेतूने अज्ञात रोध शोधणे हे प्रयोग असतात. आलेखाची सरळ रेषा वरच्या टोकाला वाकू लागली तर बहुधा कळ फार वेळ दाबून ठेवलेली असते. धारेने तार तापते, तापलेल्या धातूचा रोध वाढतो आणि ओहमचा नियम ज्या अटीवर उभा आहे ती तापमान स्थिर असण्याची अट मोडते. ओहम यांनी भांड्यांत पाणी उकळत व बर्फ भरून ठेवला होता तो मात्र तपयुग्माचे विभवांतर स्थिर राहावे म्हणून. पाठ्यपुस्तकांत ही अट बहुधा नियमाच्या शेवटी अर्ध्या ओळीत येते आणि विद्यार्थी ती हमखास विसरतात.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या भागात शेतीपंपांच्या मोटारी दुरुस्त करताना वाइंडिंग तुटले आहे की नाही हे मल्टिमीटर ओहमच्या पट्टीवर ठेवून पाहतात आणि वाइंडिंग व मोटारीचे शरीर यांमधील आवरण शाबूत आहे का हे मेगरने तपासतात. पहिल्या तपासणीत काटा फार वर गेला तर तार तुटलेली, दुसऱ्या तपासणीत फार खाली आला तर आवरण जळालेले, असा सर्वसाधारण आडाखा असतो.

न्युर्नबेर्ग येथील तांत्रिक विद्यापीठाला ओहम यांचे नाव देण्यात आले आहे. चंद्राच्या पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूवरील एक विवरही त्यांच्या नावाने ओळखले जाते.